दोन ट्रॅक डेच्या मधल्या काळात टायर ठेवायचे कुठे? (पत्र्याखाली नको, एवढं कळलंय)

तिसरा_गिअर

नमस्कार. इतकी वर्षं इथे फक्त वाचत आलो, धागा काढायची वेळ टायरांनी आणली.

माझ्याकडे एक जुनी पोलो आहे. एरवी ऑफिसला नेतो आणि वर्षातून दोनदा, फार तर तीनदा, पुण्याहून कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर, ट्रॅक डेला (आपलीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस). त्यासाठी वेगळ्या अलॉयवर चढवलेले चार सेमी-स्लिक (कमी नक्षीचे, मऊ रबराचे ट्रॅकचे टायर) आहेत, रस्त्यावर ते कधीच वापरत नाही. फेब्रुवारीत नवे कोरे घेतले आणि एक वीकेंड वापरले. गाडी अशी चिकटून वळत होती की संध्याकाळी मान अवघडली होती. परत आल्यावर धुतले, पुसले आणि गॅरेजच्या माळ्यावर टाकले. गॅरेज म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. माळा आणि पत्रा यांत दीड हाताचं अंतर.

मार्च ते सप्टेंबर तिकडे बघितलंही नाही. ऑक्टोबरात काढले तर दिसायला झकास, नक्षी जवळजवळ पूर्ण. फक्त बाजूच्या भिंतींवर तपकिरी छटा आली होती. ट्रॅकवर पहिल्याच सेशनला स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जायला बघत होती. गरम झाल्यावर धरतील म्हणून थांबलो. दुसऱ्या सेशनलाही तेच. माझ्याच फेब्रुवारीतल्या वेळेपेक्षा लॅपमागे तीन सेकंद जास्त! शेजारच्या पिटमधल्या मेकॅनिकने कडकपणा मोजायचं ते घड्याळासारखं यंत्र टेकवलं: ७६. म्हणाला, नवे असताना हेच टायर साठच्या आसपास दाखवतात. वर हसून, "घरून येताना रोडचे टायर घालून आला असतात तरी चाललं असतं."

म्हणजे झिजले नाहीतच, ठेवल्या जागी वाळले. एक वीकेंड वापरलेला माल वाया गेला याचं दुःख बाजूला ठेवतो. आता नवे चार घ्यायचेत आणि हीच चूक परत करायची नाही. पिशवीत बांधू की मोकळे ठेवू? अलॉयवरून उतरवू का? हवा किती ठेवू? ते चकचकीत पॉलिश मिळतं ते लावून ठेवलं तर रबर मऊ राहतं का? ज्यांनी करून बघितलंय त्यांनी लिहा.

शंकासुर

शर्यत म्हटल्यावर बैलगाडा असेल म्हणून आत आलो. आमच्या छकड्याची चाकं गोठ्यात पडून असतात, त्यांना काही होत नाही. असो, मागच्या बाकावर बसतो.

रंकाळ्याचा_मिस्त्री

दादा, पत्र्याखाली दीड हातावर म्हंजे टायर भाजायलाच ठेवला की तुमी. एप्रिलात त्या माळ्यावर हात घालून बघा, चटका बसतोय का न्हाई.

माझं कोल्हापुरात गॅरेज हाय. हितं कार्टिंग करणारी पोरं लई, त्येंचे टायर माझ्याकडं पडून असत्यात. माझा नियम एकच, टायर आतल्या खोलीत, जिथं मी दुपारचा झोपतो. मला झोप लागत न्हाई तिथं टायर बी नको. आन् शेडमधी वेल्डिंग करता का? ग्राइंडर? इन्व्हर्टरची बॅटरी? तेबी लिवा. पत्रा एकटाच गुन्हेगार नसतोय.

तिसरा_गिअर

मिस्त्री, वेल्डिंगचं मशीन आहे. भाऊ गेट, ग्रिल असली कामं करतो, आठवड्यातून दोन-तीन दिवस. माळ्याच्या बरोबर खाली.

बॅनबरी_निवृत्त

मिस्त्रींनी नेमकं बोट ठेवलं. टायर कंपनीच्या कंपाउंडिंग विभागात हयात घालवली आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. ज्यांना कंटाळा असेल त्यांनी खाली सरकावं.

कच्चं रबर म्हणजे लांबलचक साखळ्यांचा गुंता. गंधक घालून तापवलं की साखळ्यांमध्ये पूल पडतात आणि चिकट लगद्याचं लवचीक रबर होतं. हे १८३९ पासून माहीत आहे. तो पूल पडण्याचा उद्योग कारखान्याच्या साच्यात थांबतो असं लोकांना वाटतं. थांबत नाही, मंदावतो. उष्णता मिळाली की नवे पूल पडत राहतात, हवेतला ऑक्सिजनही साखळ्यांना जखडत जातो. पूल वाढले की रबर कडक. रेसच्या टायरात तर मऊपणासाठी तेलं आणि राळ भरपूर घातलेली असतात, ती उष्णतेने हळूहळू बाहेर पडतात. म्हणून तुमच्या ऑफिसच्या टायरांपेक्षा ट्रॅकचे टायर आधी म्हातारे होतात.

आमच्याकडे ढोबळ हिशेब असा: तापमान १० अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट. पुण्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी ५५ अंश सहज होतात. २५ अंशांच्या खोलीशी तुलना केली तर तीन वेळा दुप्पट, म्हणजे आठपट. रोज सहा तास धरले तर दोन महिन्यांत नुसत्या दुपारचं वय चार महिन्यांचं झालं. रात्री आणि बाकीचे महिने वेगळे. हा कागदावरचा अंदाज आहे, पण तुमचा ७६ कुठून आला ते यावरून कळेल.

आता वेल्डिंग. वेल्डिंगच्या ठिणगीतून ओझोन तयार होतो. कार्बन ब्रशच्या मोटारी, म्हणजे ड्रिल आणि ग्राइंडर, यांच्या ठिणग्यांतूनही. ओझोन त्या साखळ्यांमधले दुहेरी बंध थेट तोडतो, आणि जिथे रबर ताणलेलं असतं तिथेच भेगा पाडतो, ताणाच्या आडव्या दिशेने. म्हणून भेगा बाजूच्या भिंतीवर आधी दिसतात. हे टाळायला आम्ही मेण आणि ६पीपीडी नावाचं रसायन मिसळतो. दोन्ही हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि स्वतः ओझोनचा मार खातात. तुमची ती तपकिरी छटा म्हणजे हेच. ती घाण नव्हे, पहारेकरी आहेत. ब्रशने घासून काढू नका.

(जाता जाता: याच ६पीपीडीपासून ओझोनमुळे जे संयुग बनतं ते पावसाच्या पाण्यातून ओढ्यात जाऊन अमेरिकेच्या वायव्येकडचे कोहो सामन मासे मारतं, हे २०२० मध्ये उघड झालं. आयुष्यभर पोत्यांनी ओतलेला माल. त्या रात्री मला झोप आली नाही.)

वळणावळणाने

काका, मासे वाचून वाईट वाटलं. लिहीत राहा.

मी डोंबिवलीत राहते, ऑटोक्रॉस करते (मोकळ्या जागेत शंकू मांडून एकेक गाडी घड्याळ लावून पळवायची). गॅरेज वगैरे चैन नाही, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये एक खुणेचा चौकोन आणि वन बीएचके. टायर कुठे? दोन पलंगाखाली, दोन बेडरूमच्या दाराआड. सासूबाईंचं पहिलं वाक्य होतं, "माझ्या लग्नात रुखवतात पापड-लोणची होती." आता त्याच नातेवाइकांना दाखवतात.

माझी पद्धत लिहिते. घरी आणल्यावर नुसत्या पाण्याने आणि अगदी थोड्या भांड्यांच्या साबणाने धुवायचे. खोबणीतले खडे स्क्रू-ड्रायव्हरने एकेक काढायचे (हे काम मुलाला आवडतं). दोन दिवस पंख्याखाली. मग सामान बांधायच्या त्या पारदर्शक स्ट्रेच रोलचे चार-पाच वेढे, त्यावर कचऱ्याची मोठी काळी पिशवी. तोंड मुठीत धरून आत व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप, हवा खेचली की पिशवी टायरला चिकटते, लगेच चिकटपट्टी. आणि हे सगळं बेडरूममध्ये एसी तासभर चालवून मग. खोलीतली हवा कोरडी असली की पिशवीत कोरडीच अडकते. जुलैत डोंबिवलीची हवा पिशवीत बंद केली तर टायरची वाफाळलेली मोदकाची उकड होईल.

पिशवीचा दुसरा फायदा: घरात वास येत नाही. हा तह टिकण्यामागचं खरं कारण तेच.

तीव्र_असहमत

पिशवीचं कौतुक पुरे. माझ्या मित्राने प्लास्टिकमध्ये बांधलेले टायर पावसाळ्यानंतर उघडले तर आतून बुरशी. आमचे वडील टायर नेहमी मोकळ्या हवेत भिंतीला टेकवून ठेवायचे, दहा दहा वर्षं चालले.

बॅनबरी_निवृत्त

असहमतराव, तुमचे वडील आणि तुमचा मित्र दोघंही खोटं सांगत नाहीत. वडिलांचे टायर रोडचे होते. त्यात तेल कमी आणि पहारेकरी जास्त, कारण त्यांनी दहा वर्षं टिकावं म्हणूनच ते बनवलेले. रेसच्या टायरची आखणी काही तासांच्या पकडीसाठी असते. मित्राचे टायर ओले बांधले असणार. चाकावर चढवलेले नसतील तर आतल्या बाजूला पाणी राहतं, तिथे फडकं फिरवून बघायचं राहून जातं.

साधं पॉलिथीन नवी हवा, म्हणजे नवा ऑक्सिजन आणि ओझोन, आत येणं बरंच कमी करतं आणि तेलं बाहेर उडून जाणंही. काळी पिशवी उजेड अडवते. वळणावळणाने ताईंची पद्धत कारखान्यातल्या माणसाने सांगावी तशी आहे. एक भर घालतो: सिलिका जेलच्या पुड्या दोन-तीन टाका. कळीचा चुना टाका असा सल्ला कुठे वाचलात तर ऐकू नका, पाणी लागलं की तो तापतो. डांबर गोळ्याही पिशवीत नकोत.

धुळीचा_राजा

नाशिकहून हजर. आम्ही रॅलीवाले, आमचे टायर मातीवरचे, त्यामुळे तुमच्याइतकं नाजूक प्रकरण नाही. आमची भीती वेगळी. दगडाने नक्षीत बारीक काप गेला आणि त्यातून पाणी आतल्या तारेपर्यंत गेलं की तार गंजते, आणि पुढच्या रॅलीत भर स्टेजमध्ये, म्हणजे घड्याळ लावून पळवायच्या टप्प्यात, टायर फुगा धरतो. म्हणून ठेवण्याआधी उजेडात फिरवून प्रत्येक काप बोटाने उघडून बघतो. तार दिसली तर तो टायर कायमचा बाद.

आणि बाहेर ठेवणाऱ्यांनो, पावसाळ्यात टायरात साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाचं आवडतं घर. आमच्या गल्लीत पालिकेची माणसं फवारणीला येतात तेव्हा आधी टायर शोधतात. एकदा माझ्या गच्चीवर सोळा सापडले. दंडापेक्षा शेजाऱ्यांच्या नजरा महाग पडल्या. तेव्हापासून सगळे आत. आत घुशी. घूस पिशवी कुरतडते आणि कधी कधी बीडही, म्हणजे टायरचा रिमवर बसणारा काठ. जमिनीपासून उंच फळीवर ठेवा.

तिसरा_गिअर

खूपच मिळतंय, आभार. पॉलिशचं कुणी बोललं नाही. आणि हवा?

रंकाळ्याचा_मिस्त्री

पॉलिश लावलंसा तर टायर न्हाई, गाडी भितीला लागंल. ट्रॅकच्या टायरला चकचकीत कायबी लावायचं न्हाई. एका पोरानं कार्टच्या टायरला लावल्यालं. पयल्याच वळणाला पोरगं गवतात.

हवा: चाकावर चढवल्याला आसंल तर १२-१५ पीएसआय ठिवा. पार सोडू नका, बीड जागचा हालतोय, परत बसवायला कटकट. आडवे एकावर एक चार, त्येच्यावर न्हाई. नुसता टायर आसंल तर उभा ठिवा आन् म्हैन्याला थोडा फिरवा. लटकवू नका हुकाला.

बॅनबरी_निवृत्त

हवा कमी करण्यामागे कारण आहे. ओझोन ताणलेल्या रबरावर भेगा पाडतो असं वर लिहिलं. हवा कमी म्हणजे भिंतीवरचा ताण कमी.

पॉलिशबद्दल: पेट्रोलियम द्रावक असलेली पॉलिशं आमचं मेण आणि ६पीपीडी धुऊन काढतात. चमक येते, पहारा उठतो. पेट्रोलचा कॅन, थिनर, ऑइलची बादली यांच्या शेजारीही टायर नको, वाफा रबरात मुरतात.

आणखी एक, कुणी विचारण्याआधीच. बाजारात कडक टायर मऊ करायची औषधं मिळतात. बऱ्याच शर्यतींत त्यांना बंदी आहे, आणि त्यातली द्रावकं फुप्फुसाला आणि यकृताला घातक असतात. फासलेला टायर वरून बोटाला चिकट लागतो, आतली साखळी जखडलेली ती जखडलेलीच.

डेट्रॉइटकर

तुमचं ५५ अंशांचं रडगाणं वाचून गंमत वाटतेय, कारण माझं उलटं आहे. मिशिगनमध्ये असतो, उन्हाळ्यात एससीसीएच्या (तिथला स्पोर्ट्स कार क्लब) ऑटोक्रॉसला जातो, टायर हूजिअर ए७, अगदी मऊ रबराचे. ऑक्टोबरात सीझन संपतो आणि एप्रिलपर्यंत गाडी झोपलेली. पहिल्या वर्षी टायर गॅरेजमध्ये ठेवले. थंडी जितकी तितकं चांगलं, नाही का? तर नाही. इतकं मऊ रबर गोठणबिंदूच्या बरंच खाली गेलं की काचेसारखं वागतं. जानेवारीत झाडताना एक टायर पडला आणि उचलला तर नक्षीच्या मुळाशी बारीक चीर. टायर पुन्हा गरम झाल्यावर चीर मिटल्यासारखी दिसते, पण असतेच.

आता टायर तळघरात, वॉटर हीटरपासून लांबच्या कोपऱ्यात. ज्यांचे चुकून गोठले असतील त्यांनी हलवू नका, आपटू नका, चाकावर तर चढवूच नका. खोलीतच हळूहळू गरम होऊ द्या, दिवसभर.

आईचा फोन आला की ती विचारते, "अजून ती चाकं झोपलीत का रे घरात?" नागपूरची आहे, तिला उन्हाळ्यातले कूलर माळ्यावरून उतरवणं चढवणं आठवतं.

शंकासुर

मागच्या बाकावरून एक प्रश्न. मग आदर्श तापमान किती? फ्रीजमध्ये ठेवायचं का?

बॅनबरी_निवृत्त

माणसाला पांघरुणाशिवाय बरं वाटेल इतकं. २० ते २५ अंश, अंधार, कोरडं. मिस्त्रींची दुपारच्या झोपेची कसोटी मला फार आवडली, आयुष्यभर वापरलेल्या प्रयोगशाळेतल्या भट्टीपेक्षा सोपी आहे.

तिसरा_गिअर, आता तुमच्याकडून एक उत्तर हवं. फेब्रुवारीत नवे टायर पहिल्या दिवशी कसे चालवलेत?

तिसरा_गिअर

कसे म्हणजे? चढवले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाच सेशन. दुसऱ्या दिवशी चार.

बॅनबरी_निवृत्त

वाटलंच होतं. नव्या टायरची पहिली फेरी हळूहळू वेग वाढवत, पाच-सहा लॅप. टायर सगळीकडे सारखा तापू द्यायचा, मग उतरवून किमान २४ तास विश्रांती. पहिल्या तापण्यात रबरातले कमकुवत बंध तुटतात. विश्रांती मिळाली तर ते नव्याने आणि सारखे जुळतात. नाही मिळाली तर विस्कटलेलेच राहतात आणि पुढचं प्रत्येक तापणं-गार होणं टायरला जास्त खातं. रेसवाले टायरचं वय किलोमीटरात मोजत नाहीत, तापण्याच्या फेऱ्यांत मोजतात. तुमचे दोन दिवसांत नऊ फेऱ्या खाऊन मग माळ्यावर गेले.

वळणावळणाने

हे मी पिवळ्या मार्करने लिहून ठेवते, बाजूच्या भिंतीच्या आतल्या बाजूला. कुठलं चाक, किती फेऱ्या, शेवटचा आकडा किती. आणि ते चार अंकी कोरीव लेखन वाचायला शिका: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दुकानदार "नवीन आहे मॅडम" म्हणाला तरी मी गुडघ्यावर बसून वाचते. दुकानात दोन वर्षं पत्र्याखालीच पडलेला असेल तर तुमच्या माळ्याला दोष का द्या?

धुळीचा_राजा

+१. सीझनच्या आधी सहा महिने "स्वस्त मिळताहेत" म्हणून घेऊन ठेवणं बंद करा. ज्या महिन्यात पळवायचे त्याच महिन्यात घ्या. साठवणुकीची सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे साठवायला न लागणं.

तीव्र_असहमत

याला मात्र सहमत. (पहिल्यांदाच.)

तिसरा_गिअर

ते जुने चार काय करू? भंगारात टाकायला जीव होत नाही.

रंकाळ्याचा_मिस्त्री

वरची कातडी सँडपेपरनं काढली तर चार लॅप बरं वाटंल. पर पावसात नका घालू. ओल्यात कडक टायर म्हंजे साबणावर चालणं. भेगा नसत्याल तर पोरास्नी पार्किंगमधी गाडी वळवायला शिकवा, घसरली तर कशी सावरायची ते. त्येला कडक टायरच बरा, कमी वेगात घसरतोय.

— — —

तिसरा_गिअर (आठ महिन्यांनी, धागा वर काढतोय)

हिशेब द्यायला आलो. नवे चार फेब्रुवारीत घेतले, दुकानात गुडघ्यावर बसून आठवडा वाचून. पहिल्या सकाळी सहा लॅप हळू, मग उतरवून दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावला नाही. ते मधले चोवीस तास कोइमतूरच्या लॉजवर काढणं सगळ्यात अवघड गेलं. कडकपणा मोजायचं यंत्रही घेतलं. सकाळी सावलीत, प्रत्येक टायरवर पाच ठिकाणी मोजून सरासरी, आणि त्याच वेळचं तापमान वहीत. तापमान न लिहिलेला आकडा फुकट, हे पहिल्या आठवड्यातच कळलं: उन्हात ठेवलेला तोच टायर चार अंकांनी मऊ दाखवतो.

परत आणताना पिकअपच्या उघड्या हौद्यात टाकणार होतो, भर उन्हात बाराशे किलोमीटर. आठवलं, आणि मागच्या सीटवर घेतले. घरी धुतले, वाळवले, वळणावळणाने यांच्या पद्धतीने बांधले. एसी आईच्या खोलीत आहे, तिला सांगितलं लोणच्याची बरणी भरतोय. १४ पीएसआय. आईच्याच पलंगाखाली, फळीवर. मार्चमधला आकडा ६२ ते ६३. आज उघडले: तीन टायर ६४, ६४, ६५.

चौथा ६९. तोही तिथेच, त्याच पलंगाखाली, तितक्याच फेऱ्यांचा. पिशवीला भिंतीकडच्या बाजूला अंगठ्याएवढं भोक आहे, कडा कुरतडलेली. भिंतीपलीकडे शेड आहे आणि मध्ये एक लोखंडी खिडकी, जी उन्हाळ्यात आई उघडी ठेवते. भाऊ अजून वेल्डिंग करतो.

काका, हा ६९ चा पुढे लावू की मागे?

बॅनबरी_निवृत्त

मागे, आणि दुसऱ्या बाजूचा मागचाही बघून. पण आधी ते भोक किती दिवसांपूर्वीचं ते आईंना विचारा.